रोवणीच्या दिवशीचा भात

हे लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असे वाटत नाही, आणि हे मी केवळ रीत म्हणून म्हणत नाही. आयुष्यभर मी प्रात्यक्षिकांचे अहवाल लिहिले, परीक्षेचे पेपर काढले, विद्यार्थ्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईने शेरे मारले. पण ‘मी’ या शब्दाने सुरू होणारे वाक्य लिहिण्याची वेळ सत्तरी उलटल्यावर प्रथमच आली आहे. कागद पुढे घेऊन बसते तेव्हा हात आपोआप समास सोडतो, उद्देश लिहितो, साहित्य लिहितो, आणि पुढे काय लिहावे ते कळेनासे होते. वाचकांनी सांभाळून घ्यावे. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या माझ्या आत्या, बायजाबाई, यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्याविषयी जगात एकच कागद लिहिला गेला, तो माझा अहवाल. आणि त्यातही ‘सहभागी शेतकरी’ या रकान्यात पुरुषाचे नाव घालण्याची पद्धत असल्यामुळे मी वारलेल्या मामांचे, म्हणजे आत्याच्या यजमानांचे, नाव घातले होते. ती एक दुरुस्ती तरी या निमित्ताने व्हावी.

आमचे घर नागपुरात, जरीपटक्याच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या वस्तीत, दोन खोल्यांचे होते. मालगाड्यांचे डबे जोडण्या-तोडण्याचे आवाज दिवसभर येत, आणि पाहुण्यांना ते दचकवीत. आम्हांला मात्र ते थांबले की चुकल्यासारखे होई. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. दीक्षेच्या वर्षी घरातील जुने देव त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवले होते आणि त्या रिकाम्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर व माझी पुस्तके अशा दोनच गोष्टी राहत. संध्याकाळी आई चुलीपुढे बसे. लाखोळीच्या डाळीचे वरण, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, आणि भाकरी थापण्याचा तो ओलसर, भरीव आवाज. त्याच वेळी बाबा मला ओट्यावर बसवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावीत. शेजारचे चार-पाच जण येऊन बसत. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत असे. बाजारभाव, हरवले-सापडले, सारे काही. छापलेले वाचताना माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मात्र वाचून झाल्यावर कोणी विचारले, “याचा मतलब काय वं, कुंदा?” की मी तीच ओळ पुन्हा वाचून दाखवीत असे. लोकांना वाटे, पोरगी नीट समजावून सांगते आहे. हा माझा दोष तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही; तो गुण आहे असेच सर्वांना वाटले.

पुढे मी शेतकी महाविद्यालयात गेले. वर्गात आम्ही तीन मुली होतो आणि आम्ही तिघी एकाच बाकावर बसत असू. शिक्षण इंग्रजीतून होते. आमच्या एका सरांनी पहिल्याच महिन्यात फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढले आणि त्याच्या आत एक लहान वर्तुळ. मोठे म्हणजे ॲग्रिकल्चर: जमीन, जनावर, फळबाग, दूध, बाजार, माणसे, सगळे काही. लहान म्हणजे ॲग्रॉनॉमी, मराठीत कृषिविद्या: शेतातील पीक, त्याची माती, त्याचे पाणी, त्याचे खत. “दोन्हींतला फरक सांगा” हा प्रश्न दरवर्षी येतो, असे त्यांनी बजावले. त्या वर्षीही तो आला. मी वर्तुळे कंपासने काढली आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाबांना मात्र हा फरक मुळीच मान्य नव्हता. ते वर्कशॉपमध्ये सांगत, “माझी पोरगी ॲग्रॉनॉमी करून राहिली, म्हणजे शेतीची डॉक्टर.” घरी एखाद्याची शेळी आजारी पडली तरी तो आमच्या ओट्यावर येई, आणि शेळी लहान वर्तुळाच्या बाहेर आहे हे सांगण्याचा धीर मला कधी झाला नाही.

तिसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात नव्या वाणाचे प्रात्यक्षिक घ्यावे, अशी अट होती. तेव्हा ठेंगण्या जातीचे भात नुकतेच आले होते. मला एकाच शेतकऱ्याची ओळख होती, आणि ती म्हणजे आत्या. कुहीच्या बसने उतरून पुढे तास-दीड तास चालले की त्यांचे गाव लागे. मामा जाऊन काही वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. आत्याकडे एकच बांधी होती. तिकडे धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, चहूबाजूंनी बांधलेल्या धानाच्या शेताला बांधी म्हणतात. ती चांगलीच खोलगट होती. वरच्या सगळ्या बांध्यांचे पाणी तिच्यात उतरे आणि मुक्काम करी, म्हणून ती कोणाला नको होती, आणि म्हणूनच मामांना मिळाली होती. आत्याचे धान मात्र त्या पाण्यासाठीच जन्मल्यासारखे होते. पाणी जसे चढे तसे ते उंच होत जाई. बुडाशी जांभळट, लोंबीला लांब काळी कुसळे, दाणा जाड आणि तांबूस. ते बी माझ्या आजीचे होते. आजीला स्वतःची जमीन नव्हती. ती इतरांच्या शेतांत कापणीला जाई आणि कापणी आटोपल्यावर मागे पडलेल्या लोंब्या, म्हणजे सरवा, वेचून आणी. त्यातल्या खोल पाण्यातून काढलेल्या लांब कुसळांच्या लोंब्या ती दरवर्षी वेगळ्या ठेवी. पेरायला जागा नसताना तिने बी कशासाठी जपले असेल, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. आत्याच्या लग्नात तिने ते एका गाठोड्यात बांधून दिले होते, आणि तेव्हापासून ते आत्याच्या ढोलीत, म्हणजे धान्याच्या कणगीत, असे.

वैशाखात बाबांबरोबर मी आत्याकडे गेले. माझ्याजवळ नव्या बियाण्याची पिशवी, एक वही आणि एक छापील पत्रक होते. आत्याने पाय धुवायला पाणी दिले, गुळाचा काळा चहा केला आणि मग पदर सावरून समोर बसल्या. मी वही उघडली. पहिला रकाना होता, स्थानिक वाणाचे नाव. मी विचारले. आत्या हसल्या.

“नाव कायले पाहिजे त्याले? घरचंच हाय ना.”

मी तो रकाना कोरा ठेवला, नंतर भरू म्हणून. मग पत्रक वाचायला घेतले. आत्या आमच्या नागपूरच्या ओट्यावर अनेकदा माझे वाचन ऐकत बसलेल्या होत्या. त्याच एकाग्रतेने त्या ऐकू लागल्या. बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवावे. रोपे अमुक दिवसांची झाल्यावर लावावीत. दोन ओळींत अमुक अंतर ठेवावे. जुन्या वाणाची भेसळ कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. इथे आत्याने हात किंचित वर केला.

“मंग जुनं?”

मी पत्रकाकडे पाहिले. उलटून मागची बाजू पाहिली. जुन्याचे काय करावे, हे तिथे कुठेही छापलेले नव्हते. सरांनीही सांगितलेले नव्हते. “निम्म्या बांधीत जुने लावा,” असे सांगता आले असते. “जुने ढोलीत तसेच राहू द्या,” एवढे तरी सांगता आलेच असते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते माझे म्हणणे झाले असते, आणि माझे म्हणणे मांडण्याची मला सवय नव्हती. मी तीच ओळ पुन्हा वाचली, अधिक मोठ्याने. जुन्या वाणाची भेसळ कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. आत्याने मान हलवली. बाबा कौतुकाने माझ्याकडे पाहत होते.

रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मी पुन्हा गेले. या खेपेस एकटी, छत्री आणि मोजपट्टी घेऊन. पऱ्हे, म्हणजे वाफ्यात वाढवलेली रोपे, हिरवीगार झाली होती. दहा-बारा बाया चिखलात ओळीने वाकलेल्या, पाठीवर घोंगड्यांच्या खोळी, आणि मी धुऱ्यावर उभी राहून अंतर मोजायला सांगते आहे. त्यांनी माझी भरपूर थट्टा केली. एक म्हणाली, “बाई, तुमची पट्टी बुडाली चिखलात, आता पहिले तिले रोवा.” पण आत्याने सर्वांना दटावले आणि दोरी ताणून ओळी सरळ लावून घेतल्या. संपूर्ण गावात इतकी सरळ रोवणी कोणी केली नव्हती. रोवणी संपते त्या दिवशी मालकिणीने बायांना जेवू घालायचे, ही तिकडची रीत. आत्याच्या अंगणात आम्ही पंगतीने बसलो. वाळलेले झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी होती, कांदा होता, आणि मोठ्या गंजात भात होता. तांबूस, जाडसर, मोकळा. झाकण काढले तेव्हा उन्हात तापलेल्या तणसासारखा, म्हणजे धानाच्या पेंढ्यासारखा, वास अंगणभर पसरला. मी घरी कधीच खात नसे इतके जेवले. तीनदा वाढून घेतले. आत्या प्रत्येक वेळी आपण होऊन वाढत होत्या आणि समोर उभ्या राहून मी खाताना पाहत होत्या. पंगतीतली तीच थट्टेखोर बाई म्हणाली, “खाऊन घे वं माय पोटभर, मंग काही हा भात भेटत नाही.” सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटले, पाहुणीला आग्रह करण्याची ही यांची तऱ्हा असावी.

आजही कुठे भाताचे झाकण निघाले की मी नकळत श्वास थांबवते. तो वास परत येणार नाही हे ठाऊक आहे. तरी आला तर काय, याची धास्ती वाटते.

पोळ्याच्या आधी झड लागली. तीन दिवस, चार दिवस, पावसाला खंड नाही. पाचव्या दिवशी बाबांनी रजा टाकली आणि आम्ही निघालो. बस मध्येच थांबली, उरलेले अंतर चिखलातून चाललो. आत्या धुऱ्यावर उभ्या होत्या. बांधी पाण्याने काठोकाठ भरली होती, आणि त्या पाण्याखाली, दोरी लावून रोवलेल्या सरळ ओळी तशाच दिसत होत्या. काही ठिकाणी पात्यांची टोके तेवढी वर होती. ठेंगणे धान होते ते. जेवढे उंच व्हायचे तेवढे झाले होते आणि तिथेच थांबले होते. मी वही काढली. पावसाने पाने भिजली, म्हणून पुन्हा पिशवीत ठेवली. पाणी काढून द्यायला हवे, एवढे मला येत होते. आठ-दहा दिवसांहून अधिक काळ बुडालेले रोप कुजते, हेही येत होते. पाणी काढायचे तर खालच्या बांधीत, आणि खालची बांधी गुलाबरावांची होती. ते गावातले बरे शेतकरी. त्यांच्या विहिरीवर गावातल्या आमच्या समाजाच्या बाया तेव्हाही भीतभीतच जात. आत्या म्हणाल्या, राहू दे, त्यांना कशाला विचारायचे. बाबांना मात्र राहवले नाही. ते हात जोडून गेले, आणि मी त्यांच्या मागे.

गुलाबराव आपल्या धुऱ्यावर फावडे घेऊन उभेच होते. त्यांनी बाबांचे ऐकून घेतले आणि मग माझ्याकडे वळले.

“कालेजात पाणी कुठं सोडता, बाई?”

मी म्हटले, “नालीत.”

“मंग ते नाली घेऊन या इथं,” ते म्हणाले. “माझं धान बी पाण्यातच हाय. तुमचं घेतलं तं माझं जाते. बायजाबाईचं धान आजवर कधी बुडालं का? विचारा त्यायले. आमचं बुडे, त्यायचं उभं राहे.”

त्यांचा आवाज कडवट होता, पण म्हणणे खोटे नव्हते. महाविद्यालयाच्या शेतात प्रत्येक वाफ्याला पाणी येण्याची आणि जाण्याची वाट असे. एक माणूस फळी उचली आणि पाणी मुकाट निघून जाई. इथे पाण्याला जायचे तर दुसऱ्याच्या धानातून जावे लागत होते, आणि त्यासाठी माझ्या वडिलांना पावसात हात जोडून उभे राहावे लागत होते. सरांच्या लहान वर्तुळात गुलाबराव नव्हते. मोठ्या वर्तुळात ‘माणसे’ हा शब्द होता खरा, पण मी तो केवळ यादीतला एक शब्द म्हणून पाठ केला होता. त्या धुऱ्यावर मला काहीही करता येत नव्हते. मी मोजपट्टी पाण्यात उभी धरली आणि आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. तो तिथेच होता.

झड उघडली, पाणी उतरले, तोपर्यंत ओळी काळ्या पडल्या होत्या. मुळाशी हात लावला की रोप हातात येई आणि बोटांना कुजका वास लागे. आत्या बांधीतून हिंडल्या, काठावरची मूठ-दोन मूठ तगलेली रोपे त्यांनी पाहिली, आणि घरी येऊन चूल पेटवली. मला वाटले, आता काहीतरी बोलायला हवे. धीराचे काहीतरी. फार विचार करून मी म्हटले, “आत्या, यंदाचे गेले ते गेले. पुढच्या वर्षी आपण जुनेच लावू. जुने बी ढोलीत असेलच ना?”

आत्याने वळून माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्य होते.

“ते तं तू जेवली ना वं,” त्या म्हणाल्या. “रोवणीच्या दिवशी.”

कुठे काही राहून गेले असे मला वाटू नये म्हणून त्यांनी पुढे समजावून सांगितले. “भेसळ नाही पाहिजे म्हणून तूनं वाचलं होतं. दोन-दोनदा वाचलं. मी म्हटलं, पोरगी शिकलेली हाय, छापलेलं सांगून राहिली. ढोली झाडून काढली मी, एक दाना नाही ठेवला. तुले आवडला बी, भात.”

बाबा दाराशी बसून पायाचा चिखल काढत होते. त्यांचा हात थांबला. बाहेर कोणाचे तरी जनावर हंबरत होते. आत्याने भाकरीसाठी पीठ परातीत घेतले, पाणी ओतले, आणि मला विचारले, मिरची वाटून देशील का. मी मिरची वाटली. डोळ्यांतून पाणी आले त्याला ते एक निमित्त झाले.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर पाहत होते. त्यानंतर त्यांनी मला कधी वर्तमानपत्र वाचायला बसवले नाही. अहवाल मी प्रामाणिकपणे लिहिला: दीर्घकाळ पाणी साचल्यामुळे प्रात्यक्षिक अयशस्वी. निरीक्षणे नीट नोंदवली म्हणून सरांनी मला चांगले गुण दिले. स्थानिक वाणाच्या नावाचा रकाना कोराच राहिला. त्याबद्दल त्यांनी एक गुण कापला. तो गुण का कापला हे मला पूर्ण समजले, आणि असे वाटले की त्या संपूर्ण अहवालात बरोबर तपासलेली जागा तेवढी एकच आहे.

पुढच्या हंगामात आत्याने कोणाकडून तरी दुसरे धान आणून लावले. एक वर्ष पाण्याने नेले, एक वर्ष थोडेफार राहिले. मग आत्या बांधी पडीक ठेवून दुसऱ्यांच्या रोवणीला जाऊ लागल्या, आपल्या आईसारख्या. मी भेटायला गेले की शेजारणींना बोलावून सांगत, “माझी भाची, शेतीची मोठी मास्तरीण हाय,” आणि माझ्या हातातले एखादे पुस्तक त्यांना उघडून दाखवीत. त्यांनी मला एकदा तरी बोल लावला असता तर मला क्षमा मागता आली असती. दोष मानायला दुसरे कोणी तयार नसेल, तर क्षमा कोणाकडे मागायची असते हे मला कळले नाही. त्या गेल्या त्या वर्षी मी बाहेरगावी परीक्षेचे पेपर तपासत होते.

मी कृषिविद्याच शिकवत राहिले. दरवर्षी फळ्यावर दोन वर्तुळे काढली. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न मी स्वतः कितीतरी वेळा घातला, आणि माझ्यासारखीच नीटनेटकी उत्तरे लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण दिले. एकदा एका विद्यार्थ्याने फक्त मोठे वर्तुळ काढून खाली लिहिले होते की लहान कुठे काढावे ते कळत नाही. मी त्याला शून्य दिले. ते चूक होते की नाही, हे मी आजही ठरवू शकलेले नाही.

नोकरीच्या निमित्ताने धानाच्या पट्ट्यात जिथे जिथे गेले, तिथे तिथे चौकशी केली. बियाण्यांचे संग्रह पाहिले, लेबले वाचली. पण नावाशिवाय शोधायचे कसे? काळी कुसळे पुष्कळांना असतात. म्हाताऱ्या बायांना विचारले, तर एक-दोघी म्हणाल्या, होते खरे तसे पूर्वी, आमच्या आईकडे. आणि मग विचारले, काय नाव त्याचे. मी आत्याचे शब्दच सांगितले, की घरचे होते.

यापुढे माझ्याकडून शोध होणे नाही. गुडघे साथ देत नाहीत आणि ओळखीची माणसे उरली नाहीत. म्हणून, संकोच बाजूला ठेवून, आयुष्यात प्रथमच कागदावर छापलेले नसलेले काही विचारते. बुडाशी जांभळट, काळ्या लांब कुसळांचे, जाड तांबूस दाण्याचे, पाणी चढेल तसे उंच होत जाणारे, आणि शिजताना उन्हातल्या तणसासारखा वास येणारे नाव नसलेले धान तुमच्या घरी, तुमच्या आईच्या किंवा आजीच्या ढोलीत, मूठभर तरी आहे का?